धारजाईचं बोट

तुर्भे, मुंबई
मंगळवार, फेब्रुवारी १९७५

प्रिय रतन,

हे पत्र इथल्या गिरणीत कामाला असलेला, तुमच्या गावचा गेणू तुझ्याच हातात देईल. पोस्टानं पाठवलं असतं तर ते आधी तुझ्या यजमानांच्या, महिपतीभावजींच्या हाती पडलं असतं आणि पडवीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं असतं. तुझ्या घरची ती रीत मला ठाऊक आहे. तेव्हा गेणूला चहा दे, हे पदराआड कर, आणि धुणं घेऊन पाण्यावर जाशील तेव्हा एकटी बसून वाच. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी शाळेतली खोड आज नको गं. मी लिहिलंय त्या क्रमानंच वाच, माझी शपथ आहे तुला.

सातवा लागला ना? दिवाळीत मी येऊन गेले तेव्हा चौथा होता. तुझा चेहरा तेव्हाच माझ्या डोळ्यांत खुपला होता. गरोदरपणाच्या तेजाबद्दल बायका काय काय सांगतात, आणि तू मात्र उन्हात वाळत घातलेल्या पिठासारखी पांढरी. भाकरी थापता थापता हातातून परात सुटली तेव्हा म्हणालीस, मुंग्या येतात गं, बाळ जड आहे. चौथ्यात कसलं जड बाळ! रात्री तू कुशीवर वळून पोट आवळून पडलीस, आणि मी जागी आहे हे कळल्यावर हळूच विचारलंस, “शाले, ह्ये तरी माज्यापाशी ऱ्हाईल का गं?” इतकी वर्षं लोणावळ्याची शाळेतली भाषा माझ्याशी बोलणारी तू, त्या क्षणी तुझ्या तोंडून सासरची बोली आली. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ते उत्तर द्यायला हे पत्र लिहीत नाहीये, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, एवढं खरं.

तुझ्या घरात हा प्रश्न तुझ्या आधीही विचारला गेला असेल. धारजाई देवी आपल्या गुरवाच्या घरातलं मूल मागून घेते, असं तुमच्याकडं लहान पोरही सांगतं. तुझ्या सासूबाईंची, झुंबरबाईंची, किती बाळंतपणं झाली आणि त्यातून एकटे महिपतीभावजीच कसे वाचले, हे मला पहिल्यांदा कळलं ते तुझ्या लग्नाच्या मांडवात. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, अगदी पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. मला तेव्हाच तुला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं होतं, पण हातावर मेंदी, कपाळी बाशिंग, आणि तू आपली लाजत बसलेली! मग तुझी ती वर्षं. दिवस राहायचे आणि जायचे. मग कान्हू झाला आणि टिकला, तेव्हा मी इथं सगळ्या प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. आणि गेल्या चैत्रात आकडी येऊन तोही गेला. गाव म्हणालं, आईचं होतं ते आईनं नेलं. तूही तेच म्हणालीस, रडतासुद्धा नव्हतीस, आणि मला तुझी खरी भीती वाटली ती त्या दिवशी.

नवरात्रात देवीचं कवच निखळलं तेव्हा तुमच्या घरात काय झालं असेल, याची मला कल्पना आहे. धरणाचं पाणी चढायच्या आधी जुन्या गावातून तिला उचलून तिकोणा किल्ल्याच्या बाजूला वर आणली, त्या हलवाहलवीत शेंदराच्या थरांना तडे गेले असणार, इतकी साधी गोष्ट. पण झुंबरबाईंनी पारावर बसून सांगितलं म्हणे, “आईनं कवच सोडलं, आता वरसाच्या आत घरातलं कुनीतरी न्हेनार.” आणि घरात पोटुशी कोण, तर तू. मग तुला जास्त जपायला हवं म्हणून त्यांनी काय केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल पुढं लिहिते.

कवच वाहत्या पाण्यात सोडायचं असतं, पण मी मागं कधीतरी मागितलं होतं म्हणून तू तळहाताएवढी खपली राखून ठेवलीस आणि दिवाळीत जुनेरात बांधून दिलीस. आणि त्याबरोबर दिलीस ती कुंकवाची डबी. तिच्यात कान्हूचं जावळ होतं. धरणाचं पाणी साचलेलं, ते वाहत नाही, त्यात माझ्या लेकराचे केस टाकणार नाही, तू मुंबईच्या समुद्रात सोड, असं म्हणालीस. मी हो म्हणाले. ती डबी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, रतन. आधी खपलीचं सांगते.

मी इथं काय करते, हे झुंबरबाई दर वेळी विचारतात आणि दर वेळी शेवटी नवरा का केला नाहीस यावर येतात. तुला तरी नीट सांगते. आमच्याकडं एक उंच टाकी आहे. तिच्यात पट्टा फिरतो, त्यावर वीज साठत जाते, आणि त्या विजेच्या जोरावर डोळ्याला न दिसणारे कण नळीतून वेगानं सुटतात. समोर जी वस्तू ठेवू तिच्यावर ते आपटतात, आणि तिच्यातला प्रत्येक धातू आपापल्या तऱ्हेचे किरण बाहेर सोडतो. अंधारात आवाजावरून कोण आलं ते कळतं ना, तसं आम्हाला किरणांवरून कळतं, हे लोखंड, हे तांबं, हे शिसं. वस्तू जाळावी लागत नाही की फोडावी लागत नाही. म्हणून जुन्या गोष्टींना हे फार बरं पडतं. आठवड्यात पुरुषमंडळींचे मोठमोठे प्रयोग चालतात, आणि रविवारी यंत्र रिकामं असतं ते आम्हा दोघींना मिळतं, मला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या खोर्शेदबाईंना. लोणावळ्याला डोंगराकडच्या रस्त्यावर जांभळाच्या झाडाचा पारशाचा बंगला आठवतो? भिंतीवरून जांभळं पाडताना माळी मागं लागला होता आणि तुझी चप्पल तिथंच राहिली होती? तो बंगला यांच्याच वडिलांचा! मी हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मोठी बाई आहे. सगळे म्हणतात, दगडाच्या शेंदरात काय बघायचंय, आणि या म्हणतात, “डीकरी, जे लोकांनी रोज हाताने लावला, त्याच्यामंदीच खरा इतिहास असते.”

तर खपलीचा आडवा छेद घासून आम्ही यंत्रासमोर ठेवला. एकावर एक थर, दर साली चढवलेले. अगदी आतले थर लोखंडाचे निघाले, म्हणजे गेरूचे. तुमच्या डोंगरातल्या तांबड्या मातीचे. म्हणजे बघ, आपल्या पणज्यांच्याही आधीची धारजाई गेरूची होती. खोर्शेदबाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू! कुठल्या डोंगरातला गेरू, बायका कुठून आणत असतील, सगळं त्या विचारत सुटल्या. मग बाहेरचे थर आले. तिथं गेरू संपतो आणि बाजारातला शेंदूर लागतो, आगगाडी झाल्यावर पुड्यांतून यायला लागला असेल तो. आणि त्या थरांत शिसं. मासेमारीच्या जाळ्याला खाली वजनाला लावतात ना, ते शिसं. ते भाजूनच शेंदूर करतात. मला शिशाच्या खुणेची ओळख आहे, कारण मागच्या साली आम्ही सातवाहनांची शिशाची नाणी पाहिली होती. मी खुशीत होते, की चला, अमुक थरापासून बाजार सुरू झाला, छान निबंध होईल. खोर्शेदबाईंनी मात्र खपली पुन्हा उचलून पाहिली. मग म्हणाल्या, “हे कोन खाते का?”

मी हसले गं. म्हटलं, बाई, देवाचा शेंदूर कोण खाईल. आणि म्हणता म्हणता माझं हसू तोंडातच राहिलं. मला तुझं स्वयंपाकघर दिसलं. दिवाळीतला मंगळवार होता. झुंबरबाई देवळातून आल्या, ओट्यावर सहाण, सहाणेवर देवीच्या पायाचा खरवडलेला शेंदूर आणि मध. बोटावर घेऊन त्या तुझ्यापुढं आल्या, तू नाक मुरडलंस, तर म्हणाल्या, “आईचं बोट हाय, न्हाई म्हनायचं न्हाई.” गावातल्या बाया ओटी भरताना एकदाच ते बोट चाटतात. गुरवाच्या सुनेला मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दिवस राहिल्यापासून, कारण आईची नजर याच घरावर. आणि कवच निखळल्यापासून दोन्ही वारी दोन-दोन बोटं. जितकी भीती जास्त तितका शेंदूर जास्त. कान्हूलाही बाराव्या दिवसापासून गुटीत देत होत्या. तुला सांगते, मी त्या बाईंना वाईट म्हणत नाही. त्यांनाही त्यांच्या सासूनं हेच चाटवलं असणार, आणि आपली मुलं पुरून झाल्यावर त्यांनी तुझ्यासाठी तेच बोट पुढं केलं, ते मायेनंच. पण शिसं आहे ते, रतन. विष आहे.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि मला बसवेना. महिपतीभावजींचा उजवा हात मनगटातून लोंबतो, घंटा धरवत नाही. गाव म्हणतं, आईनं त्यांची घंटा काढून घेतली. अगं, वर्षानुवर्षं त्याच हातानं ते तेलात शेंदूर कालवतात आणि त्याच हातानं जेवतात. खोर्शेदबाईंची बहीण डॉक्टर आहे, तिला विचारलं, तर शिशानं मनगट असंच पडतं म्हणाली. पोटातल्या कळा, पांढरा चेहरा, लहान मुलांची आकडी, सगळं तिनं मी न सांगताच सांगितलं. तिनं विचारलं, हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ आहे का? आहे की! दिवाळीत तू हसलीस तेव्हा मला दिसली होती. मिश्री लावायला लागलीस म्हणून मी तुला चिडवलंसुद्धा, आणि तू म्हणालीस, शपथ, मी मिश्रीला हात लावत नाही.

तरीही मन म्हणत होतं, हे सगळं अंदाजानं बोलणं झालं. आपण शिकलेल्या बाया, जरा काही दिसलं की घाबरतो. म्हणून मी खणातली डबी काढली. तुला न विचारता कान्हूच्या जावळातले चार केस घेतले. त्यासाठी हवं ते बोल मला, मी ऐकून घेईन. केस वाढतो तसं अंगातलं जे काही असेल ते त्याच्यात साठत जातं, आणि एकदा वाढलेला भाग मग बदलत नाही. बाहेरून शेंदूर चिकटला असेल अशी शंका होती, म्हणून धुतले, पुन्हा धुतले, माझ्या कामशेतच्या भाचीचं जावळही मागवून शेजारी ठेवलं. तिचे केस स्वच्छ निघाले. कान्हूचे नाही. गेल्या रविवारी दिवसभर मी यंत्रापाशी बसून होते आणि खोर्शेदबाई माझ्या शेजारी. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

आता काय करायचं ते नीट ऐक. झुंबरबाईंना शिसं, यंत्र, किरण यातलं काही सांगू नकोस. त्या म्हणतील मुंबईच्या पोरीनं आईला बाटवलं, आणि रागानं बोट आणखी मोठं करतील. तू त्यांना सांग, आई स्वप्नात आली. कवच टाकलेली, गेरूच्या रंगाची. म्हणाली, माझ्या अंगावर बाजारची पुडी नको, डोंगरातली तांबडी माती लावा, आणि सुनेच्या तोंडी काही घालू नका, तिला लोणावळ्याला धाडा. मी देव मानत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि खोटं बोलायला सांगतेय तेही देवीच्या नावानं. सांगतेच आहे. आणि खोटं तरी किती, तिच्या अंगावर आत गेरूच आहे, मी पाहिलाय. त्या ऐकतील. आयुष्यभर त्या आईच्या एका शब्दाची वाट बघत बसल्यात. रविवारी सकाळी मी जीप घेऊन येते. माझी आई तुझं माहेरपण करणार आहे असं बाहेर सांगायचं. खोर्शेदबाईंनी बंगल्याची खोली उघडून ठेवलीय, त्यांची डॉक्टर बहीण येऊन राहणार आहे. तोवर दूध पी, नाचणीची भाकरी खा, देवळातलं तीर्थही नको. महिपतीभावजींना मात्र रविवारी मीच बाजूला घेऊन सगळं खरं सांगणार आहे. त्यांनी आरडाओरडा केला तर करू देत.

आता इतक्या घाईनं, गेणूला गिरणीचं काम सोडून का धाडलं ते सांगते. मला वाटत होतं, शिसं कान्हूच्या अंगात गुटीतून गेलं असेल, म्हणजे जन्मल्यानंतर. मग तुझं हे बाळ जन्मेपर्यंत तरी आपल्या हातात वेळ आहे, मी सावकाश येईन, समजावीन. पण जावळ म्हणजे पोटातून आलेले केस. केसाचं मूळ शेवटी वाढलेलं आणि टोक सर्वांत आधीचं. ते टोक तुझ्या पोटात असताना वाढलं, कान्हूनं अजून डोळेही उघडले नव्हते तेव्हा. रविवारी दुपारी मी ते टोक यंत्रासमोर धरलं, आणि रतन, शिसं तिथंही आहे. मुळाशी आहे तेवढंच. म्हणजे ते त्याच्या तोंडून नाही, तुझ्या तोंडून गेलं. आईनं नेला नाही गं त्याला, आणि तुझ्या कुठल्या पापानंही नाही. तू त्याला वाचवायला चाटलंस आणि तेच त्याला पोचलं, हे तुला मी सोडून दुसऱ्या कुणी सांगावं असं मला वाटलं नाही. पाहिजे तेवढं रड, माझ्या नावानं बोटं मोड, पण ते सगळं रविवारी माझ्या गळ्यात पडून. आज मंगळवार, आजचं बोट पोटात गेलं असेल, त्याला आता इलाज नाही. हे पत्र गुरुवारी तुला मिळेल. शुक्रवारी त्या सहाण घेऊन येतील, मायेनं येतील, तुझ्या डोक्यावरून हात फिरवतील आणि बोट पुढं करतील. तेव्हा तोंड उघडू नकोस, रतन.

तुझीच,
शालू